तीस हजार एकतीस पापड

माय,

आज माझ्या वर्गात तुझं म्हणणं खरं ठरलं, म्हणून लिहायला बसले. तुला जाऊन अकरा वर्षं झाली, आणि होतीस तेव्हाही तुला वाचता येत नव्हतं. पण हे दुसऱ्या कुणाला सांगू?

धुळ्याच्या गच्चीवर तू नागलीचे पापड वाळत घालायचीस. जुन्या लुगड्यावर सारख्या रांगा हव्यात, हा तुझा हट्ट. पाचाच्या रांगांत एक उरला की सगळे उचलून साताच्या लावायचीस, आणि तरीही एक उरलाच तर म्हणायचीस, "उरना तो तुना." तो ओलसर पापड मी तिथेच उभी राहून खाते आहे, तळव्यांना चटके बसताहेत, आणि तू हसते आहेस.

पुढे डी.एड.ला असताना मी तुझ्यासाठी एक संख्या आणली. तीस हजार एकतीस. दोन, तीन, पाच, सात, अकरा आणि तेरा यांचा गुणाकार करायचा आणि वर एक मिळवायचा. यांतल्या कशाच्याही रांगा लावा, एक पापड उरणारच. "हिला कशानंच भाग जात नाही," मी ऐटीत म्हटलं. तुझं लाटणं थांबलं. "बठ्ठ्या रांगा मांडी देख्यात का?" सगळ्या रांगा मांडून पाहिल्यास का, असं तू आपल्या बोलीत विचारलंस. मी मुद्दाम पुस्तकी मराठीत म्हणाले, "तुला त्यातलं काय कळतं?" तू पुन्हा लाटायला लागलीस. त्यानंतर माझ्या अभ्यासातलं तू मला कधी काही विचारलं नाहीस. माझा निकालसुद्धा शेजारच्या अक्कांकडून समजून घेतलास.

आता मी जळगावात सहावीला शिकवते. ती संख्या इतकी वर्षं मी पुन्हा हातात घेतली नव्हती. परवा अवयव शिकवताना नकळत तोंडातून निघून गेली, त्याच ऐटीत. मागच्या बाकावरची एक मुलगी उठली. "मॅडम, सगळ्यांनी भागून पाहिलं का?" तेच उत्तर माझ्या जिभेवर आलं, माय. कसंबसं गिळलं आणि म्हटलं, "तूच बघ बरं."

आज तिनं वही आणली. पाठपोट पानं भरलेली, खाडाखोड केलेली. एका रांगेत एकोणसाठ, अशा पाचशे नऊ रांगा. एकही उरत नाही. मी वर्गाला सांगितलं की हा प्रश्न आधी माझ्या आईनं विचारला होता आणि ती शाळेची पायरी कधी चढली नव्हती. ती मुलगी म्हणाली, "मग तुम्ही त्यांना काय सांगितलं?" मी म्हटलं, उद्या सांगते. उद्या खरं तेच सांगणार आहे.

तुला मात्र एक जास्तीचं सांगायचं आहे. त्या दिवशी तुला तसं बोलल्यावर मी आत जाऊन सतरानं भागून पाहिलं होतं. एक नाही, नऊ उरले; म्हणजे 'एक उरणारच' हे तेराच्या पुढं चालत नव्हतं. तू खरी निघू शकतेस, हे मला तेव्हाच कळलं, आणि मी वही मिटून ठेवली.