दूधसंघातलं विमान

१२ ऑगस्ट २०१५, बुधवार

चौसाळ्याला एसटीतून उतरलो तर अर्जुनरावांची जीप समोर उभी. वाटेत रसवंती दिसली, ती बंद. बाकी स्वागत झकास झालं. अर्जुनराव इथल्या सहकारी दूधसंघाचे चेअरमन. सलग दोन वर्षं पाऊस नाही, जनावरं छावणीत, दूध आटलं आणि संघाला कुलूप लागलं. मग यांनी काय करावं? कुठल्याशा बंद पडलेल्या संस्थेकडून विमान उडवायचं सिम्युलेटर आणून संघाच्या इमारतीत बसवलं. गावच्या पोरांना म्हणे वैमानिक करणार. मला हसू आलं, पण गड्याची हिंमत आवडली. मशीन चालता चालता मधेच हँग होतं, ते मी नीट करायचं आणि उद्घाटनाला चालवून दाखवायचं. औरंगाबादच्या आमच्या कॉम्प्युटरच्या दुकानात असली दुखणी मी चहा निवायच्या आत बरी करतो.

मशीन ठेवलंय दुधाच्या जुन्या शीतगृहात. भिंतींना छतापर्यंत पांढऱ्या फरशा, वर पत्रा, दाराला रबराची पट्टी आणि कडी बाहेरून. भिंतीत उंचावर एक भोक आहे, डोकंही जाणार नाही एवढं. गावकरी बाहेरच्या ओट्यावर रांगेने दूध मोजून द्यायचे आणि ते तिथून आतल्या टाकीत पडायचं. टाकी केव्हाच विकली. खोली गार आहे, मशीनला सोयीची. संघाचा शिपाई धोंडीराम आणि त्याची बायको तुळजाबाई मागच्याच खोलीत राहतात. तिच्या हातची भाकरी आणि ठेचा खाऊन जीव तृप्त झाला.

१३ ऑगस्ट, गुरुवार

पंखे साफ केले, अर्धा डबा धूळ निघाली. रॅम काढून पुन्हा बसवली, प्रोसेसरला पेस्ट लावली, ग्राफिक्सचं सॉफ्टवेअर नवं टाकलं. चालू केलं, विमान धावपट्टीवरून उठलं, छान वर गेलं आणि थिजलं. कधी उठतानाच, कधी बराच वेळ उडून. काही ताळमेळ नाही. गंमत म्हणजे चित्र थांबतं, पण इंजिनाचा आवाज चालूच राहतो.

संध्याकाळी गावात फिरलो. महादेवाच्या गाभाऱ्याचं दार शेणमातीने लिंपून बंद केलंय. तुळजाबाईने सांगितलं की देव कोंडलाय, गळ्यापर्यंत पाण्यात. इथे प्यायला टँकर येतो आणि देवाला मात्र गाभारा भरून पाणी. पाऊस पडला की सोडणार का, असं मी विचारलं. ती म्हणाली, "नुस्त्या पावसानं न्हाई. तळं भरून सांडव्यावरून पानी गेल्याबिगर दार उघडायचं न्हाई." मागे एकदा पहिल्या सरीलाच दार उघडलं होतं, तर पाऊस आल्या वाटेने परत गेला म्हणे. मी म्हटलं, तोवर देवाला सर्दी होईल. ती हसली नाही.

१५ ऑगस्ट, शनिवार

झेंडावंदनाला अर्जुनरावांनी माझी ओळख करून दिली. कोणी टाळी वाजवली नाही.

दोष पॉवर सप्लायचा निघाला असं वाटतंय. इथे सगळं जनरेटरवर, त्याचा दाब वरखाली होतो. नवा सप्लाय आणि यूपीएस लावला आणि मशीन अर्धा तास अडखळलं नाही. मी खुशीत बाहेर आलो तर अंगणात पन्नासेक माणसं उभी, सगळी वर बघत. सकाळपासून गावावर एक काळा ढग होता, तो सरकून डोंगरापलीकडे चालला होता. एक म्हातारा माझ्या पायाशी थुंकला.

कृत्रिम पावसाची विमानं ढग पळवतात असं या भागात बोलतात, ते मी ऐकून होतो. धोंडीरामचं म्हणणं त्याच्याही पुढचं. "सायेब, तुमचं इमान चालू झालं की आमचं आभाळ पळतंय. अडकलं की थांबतंय. कावून दुरुस्त करता?" मी त्याला समजावलं की बाबा, आत विमान नाही, नुसतं चित्र आहे. तो म्हणाला, "आमाला कळतंय की चित्र हाय. आभाळाला कळत न्हाई." या अडाणीपणाचा मला मनापासून राग आला.

१८ ऑगस्ट, मंगळवार

जेवण बंद. तुळजाबाई दारावरून जाते, पण बघत नाही. माझ्या पाण्याच्या घागरीत सकाळी राख टाकलेली होती.

यांचं खूळ एकदाचं खोटं ठरवावं म्हणून दार सताड उघडं ठेवून बसलो. खुर्चीतून लिंबाच्या झाडावरचं आभाळ दिसतं. तिथे एक ढग होता, एका कोपऱ्यात फाटलेला. विमान उडवलं. ढग सरकू लागला. नवा सप्लाय लावूनही मशीन हँग झालं आणि ढग थांबला. खाली फुफाटा उडत होता, लिंब हलत होता, ढग मात्र जागचा हलेना. मशीन पुन्हा चालू केलं, ढग निघाला. पुन्हा हँग, पुन्हा तेच.

मग पडद्याकडे नीट पाहिलं. मी सेटिंगमध्ये स्वच्छ आकाश ठेवलंय. इथे इंटरनेट नाही. तरी पडद्यावर तोच ढग होता, त्याच कोपऱ्यात फाटलेला.

आज पहिल्यांदा मला भीती वाटली. लिहून ठेवतो, म्हणजे उद्या वाचून हसता येईल.

२० ऑगस्ट, गुरुवार

हसू आलं नाही. अर्जुनरावांना सांगितलं की मला हे काम करायचं नाही, मी निघतो. ते अगदी गोड बोलले. जीप टँकरच्या कामाला गेलीय, सोमवारी उद्घाटनाचा कार्यक्रम झाला की स्वतः सोडतो म्हणाले. मोबाइलला रेंज नाही. पायीच निघालो. वळणावर दोघे बसले होते. उठले आणि माझ्या दोन बाजूंनी चालू लागले. वाट गावाकडेच वळली.

परत आलो तर धोंडीराम शीतगृहातली मोरी सिमेंटने बुजवत होता. उंदीर येतात म्हणाला. वायरी कुरतडल्या तर आणखी ताप, म्हणून मीही बरं म्हटलं.

२२ ऑगस्ट, शनिवार

देव मोकळा केला! गाभारा कोरडा, पिंड पुसून बेल वाहिलेला. पाऊस तर नाही, तळ्यात अजून पोरं क्रिकेट खेळतात. म्हणजे खूळ ओसरलं. किती हलकं वाटलं मला.

दुपारी संघाची सभा भरली. माझं नाव ऐकू आलं. सूचक, अनुमोदक, मग सगळ्यांचे हात वर. तुळजाबाईचाही. अर्जुनराव येऊन म्हणाले की संघाने मला एकमताने सभासद करून घेतलंय. परका माणूस चालत नाही, गावचाच लागतो. कशाला, ते मी विचारलं नाही. सत्काराला असेल.

तुळजाबाईने भाकरीवर तूप घालून आणलं. माझं गोत्र विचारलं, आईचं नाव विचारलं. आणि मी जेवत असताना पदर तोंडाला लावून रडली.

मला हे आवडलेलं नाही.

२४ ऑगस्ट, श्रावणी सोमवार

घाईत लिहितो. सकाळी सत्कार झाला. शाल, नारळ. हार बेलाचा. दुष्काळात फुलं कुठली, असं कोणीतरी म्हणालं. मग अर्जुनराव म्हणाले एकदा बसून दाखवा, लगेच जीप काढतो. जीप खरंच दारात होती. म्हणून बसलो.

दार लागलं. कडी पडली.

ओरडून घसा गेला. बाहेरून काहीतरी थापताहेत. शेणाचा वास येतोय.

भोकातून पाणी—

रांग लावलीय त्यांनी. दूध घालायला लावत तशीच. कॅनचे आवाज येतात. प्यायचं पाणी आहे हे, टँकरचं, घराघरातलं. उद्या काय पितील ही माणसं?

आधी देव होता. देवाच्याने झालं नाही.

—

गुडघ्यापर्यंत. टेबलावर बसलोय. यूपीएस वर आहे, पडदा चालू आहे. चित्र हँग. पडद्यावर काळंभोर आभाळ, असं मी आजवर—

अर्जुनराव भोकाशी येऊन म्हणाले, कशाला हात लावू नका, सगळं आता तुमच्याच हातात आहे. ते रडत होते.

हात लावला तर ढग जाईल. नाही लावला तर पडेल. पडला तर उघडतील. लावत नाही. हात मांडीखाली घेऊन बसलोय.

—

टेबलाच्या वर आलं. उभा आहे. वही डोक्यावर धरून—

गडगडलं.

पत्र्यावर थेंब.

पाऊस! बाहेर सगळे रडताहेत, मीही. आई गं. जमलं. आता दार उघडतील. तुळजाबाईला हाका मारतोय.

आली. भोकाला तोंड लावून म्हणाली, लेकरा, लई उपकार झाले. म्हटलं, मावशी, दार. ती म्हणाली, "सांडवा अजून लई लांब हाय, बाळा."

रांग मोडलेली नाही. आता पावसाचंच भरून आणताहेत. पाणी गार आहे. गळ्याशी—

हात लावतो. ढग जाऊ दे. पाण्याखाली चाचपून विमानाची स्टिक ओढतोय, चित्र हलत नाही, यूपीएस बुडाला तरी इंजिनाचा आवाज चालू आहे, चित्र हल—