दत्ताच्या चौकशीला आलेला माणूस

नंदिगड्डे, मंगळवार, दिवेलागण

नातवाच्या, दत्ताच्या नोकरीसाठी चौकशी करायला आज कंपनीचा माणूस आला. ओसरीवर बसून त्यानं पेनाचं टोपण काढलं. दत्तावरची केस धारवाडच्या कोर्टानं रद्द केली आहे, पोलिसांच्या दाखल्यातही ती आता नाही. वकील म्हणाले होते, विचारलं तर केस नाही म्हणा. मी तसंच म्हणालो.

तेवढ्यात शेजारची गंगाक्का चहा घेऊन आली.

"लिवा की साहेब! देवळाच्या मांडवाला सरकारी रानातनं बांबू आणताना दत्ता एकटाच फॉरेस्टवाल्यास्नी घावला. जेलात बसला, पण गावातल्या एकाचं नाव सांगटलं न्हाई. असा पोरगा मिळायचा न्हाई तुमास्नी!"

तो माझ्याकडे बघत राहिला. "कोर्टानं रद्द केलंय ते," मी म्हणालो. "बरं," म्हणून तो उठला. चहा तसाच राहिला. त्यानं काही लिहिलं का?

जीव रमावा म्हणून मास्तर असताना शाळेत शिकवायचो ती नदीची कविता म्हणू लागलो. एरवी डोळे मिटले की सगळा वर्ग माझ्यामागून म्हणतो. आज दुसऱ्या कडव्यावरच अडलो. तो माणूस जाताना पेनाला टोपण लावलेलं होतं की पेन उघडंच होतं? दत्ताचा फोन येईल आता. काय सांगू त्याला?

कोर्टानं पुसलं, पण गाव कसं विसरेल? आणि विसरावं, असं मला तरी वाटतं का...

आत्ता गंगाक्का कप न्यायला आली. "दादा, चांगलं सांगटलं न्हवं मी?"

"व्हय गंगाक्का," मी म्हणालो, "लई चांगलं सांगटलंस."