लॅपटॉपला हात का लावलास?

दादा,

मी आंघोळीला गेले आणि तू माझा लॅपटॉप उघडलास. तू शिकवतोस त्या शाळेतल्या पोषण आहाराच्या किडक्या तांदळाबद्दल माझ्या ब्लॉगच्या साइटवर निनावी कोणी लिहिलं, ते नाव तुला संस्थेच्या अध्यक्षांना द्यायचंय. म्हणजे तू हेडमास्तर होणार आणि लिहिणाऱ्याची नोकरी जाणार. सरळ विचारायचंस ना, तोंडावर नाही म्हटलं असतं. साइट मी या घरात बसून बनवली, म्हणून ती घरची होत नाही.

तू नाव वाचलंस की नाही, कळत नाही. म्हणून त्या माणसाला सावध करायला निघालेय. सीबीएस स्टँडवरून कुठली गाडी पकडली, ते शोधत बसू नकोस.

पिठलं झाकून ठेवलंय. आई बाजारातून आली की मला शोधेल. मी का गेले, ते तूच सांग तिला.

अंजली