फुगडी का घातली नाही

देवेश,

वॉशिंग मशीन टीं टीं करून थांबलं, तरी तू जागा झाला नाहीस. आत चादर आहे. बाळाने भिजवली असं तुला वाटेल. बाळाने नाही रे, मी भिजवली.

काल गौरीपुढे तुझ्या बहिणीने फुगडीसाठी माझा हात धरला आणि मी तो झटकून आत पळाले. आई सगळ्यांसमोर म्हणाल्या, "मुलगा झाला ना, आता बाईसाहेबांचे पाय जमिनीला कसे लागणार!" तूही हसलास, आतपर्यंत ऐकू आलं. तेव्हा मी बाथरूममध्ये साडीच्या निऱ्या धूत होते. साधी शिंक आली तरी लघवी सुटते माझी, फुगडी कशी घालू? बाळंतपणापासून हे चाललंय. वाटलं होतं, आपोआप थांबेल. बाळ रांगायला लागलं तरी थांबलं नाही.

म्हणून मी खाली चटईवर झोपते. तुझ्यावर रागावून नाही.

बाळाला घेऊन सांताक्रूझला डॉक्टरीणबाईंकडे जातेय. प्रांजलला दूध गरम करून दे, साय काढ, नाहीतर ती पिणार नाही. चादर तेवढी वाळत घाल. आणि आईंना तूच सांग, माझ्या तोंडून शब्द फुटत नाही. सांगताना हसू नकोस फक्त.

प्रांजल उठलीय. माझ्या पिशवीतलं मोठ्यांच्या डायपरचं पाकीट हातात धरून विचारतेय, "आई, बाळ मोठं झालं की त्याचे डायपर सुटणार ना? मग तुझे कधी सुटणार गं?"