एमेटच्या घरचा फोन

सडबरी, शनिवार संध्याकाळ

प्रिय नोरीन,

शाळेच्या वसतिगृहात आपण दोघी सफरचंदं सोलत बसायचो. साल न तुटता उतरलं की तू ते माझ्या गळ्यात घालायचीस. आज भीती वाटतेय, म्हणून तू आठवतेस.

दर शनिवारी गावातली काही मुलं माझ्याकडे जेवायला येतात. त्यांनी स्वतः निवडलेलं जे नाव घरी चालत नाही, ते माझ्याकडे चालतं. त्यांच्या घरी फोन केला तर मात्र घरचंच नाव घ्यायचं, हा नियम मीच घातलेला. आज एमेट दम्याचा पंप विसरून गेला. मी घाबरून त्याच्या घरी फोन लावला आणि विचारलं, "एमेट आहे का?"

"कोण एमेट?" त्याचे वडील म्हणाले. "इथं माझी मुलगी राहते, क्लेअर. तुम्ही कोण बाई?"

मी फोन ठेवला. मग एमेटचाच आला, कुजबुजत. "आजे, तूच नियम मोडलास ना! बाबांनी नंबरवरून तुझं घर शोधलंय. दार उघडू नकोस. मी खिडकीतून निघालोय."

मला सोडून जाताना तू म्हणाली होतीस, "एक दिवस कुणाचा तरी बाप येईल." तो येतोय, नोरीन. पण कुलूप लावलं तर बर्फातून धापा टाकत आलेला एमेट आत कसा येईल? दार उघडंच ठेवलंय.

हे पत्र पाठवत नाही, टेबलावर ठेवते. मला काही झालं तर गाडी ज्यूडला दे. मुलांना घरी तीच सोडते. आईची जपमाळ तुला. वरची खोली एमेटला. तिला आतून कडी आहे.

तुझी,
रोझलिन