शंभरातले साठ

३ तारीख, सोमवार

बाबांचं सकाळी सकाळी फर्मान — "तुझं ते यंत्र घेऊन ये आणि काय ते एकदाचं सांग साहेबांना!" पंपघरातला त्यांचा लाडका नंबर दोनचा पंप थरथरतोय. साहेब म्हणतात, मोडीत काढा. बाबा म्हणतात, "तो गुणाचा आहे गं, शेजारचा नंबर एक त्याला हलवतो." नंबर दोन गेला तर बाबांची रवानगी फाटकावर. तीस वर्षं पंप सांभाळलेला माणूस!

एक बंद करून दुसरा तपासावा, तर टाकीत पाणीच चढत नाही. म्हणून दोघांवर एकेक सेन्सर लावला. दोघांची थरथर कितपत जुळते ते काढायचं. याला आम्ही कोहिरन्स म्हणतो. शून्य आला तर एकमेकांशी संबंध नाही, एक आला तर सगळं खापर शेजाऱ्यावर!

४ तारीख

एक! पूर्णच्या पूर्ण एक! बाबांना लगेच फोन. त्यांनी पंपघरभर सांगून टाकलं.

६ तारीख

तोंडावर आपटले. आमच्या प्रयोगशाळेतल्या बाईंनी आकडे बघितले आणि हसल्याच. "नोंदीचा एकच तुकडा घेतलास? मग तुझं नि रस्त्यावरच्या ट्रकचंही शंभर टक्के जुळेल!" खरंच की. एका तुकड्यावर उत्तर नेहमी 'एक'च येतं. पुष्कळ तुकड्यांची सरासरी काढली, की जे सतत जुळतं तेवढंच उरतं. हे मी कॉलेजात घोकलं होतं! बाबांच्या मायेपोटी अक्कल गहाण टाकली, दुसरं काय.

चौसष्ट तुकडे घेतले. शून्य पूर्णांक सहा. शंभरातले साठ शेजाऱ्याचे. चाळीस त्याचे स्वतःचे.

७ तारीख

सांगितलं नाही. बाबांनी चहाबरोबर बिस्किटंही पुढे केली!

८ तारीख

सांगितलं. "म्हणजे मी अगदीच खोटा नाही?" "साठ टक्के खरे आहात, बाबा." हसले. मग स्वतःच साहेबांकडे गेले — पंप उघडा म्हणून. किती अभिमान वाटला मला!

११ तारीख

नंबर दोन उघडला. बेअरिंगचे छर्रे झिजलेले. फिटर म्हणाला, "बारीक शिट्टी वाजत असणार कधीची. ऐकलीत कशी नाही?" घरी येताना बाबा मला म्हणाले, "बारीक आवाज ऐकूच येत नाहीत गं, दोन वर्षं झाली. हात ठेवून ओळखायचो. हाताला दोघे सारखेच लागतात."

रोज एकत्र जेवतो आम्ही. मला कळलं नाही.