अख्खी पिशवी

९ मार्च
ताईनं काम शोधायला पिटाळलं. तिच्याकडे येऊन पडलोय खरा — दाजींच्या भाषेत, 'रंधा न मारलेली फळी' भिंतीला टेकलीय! वाटेत इस्पितळाच्या दारावर पाटी : 'अख्खं रक्त देणारे हवेत. गट ओ.' माझा ओच. पण अख्खं? मग माझ्यात उरणार काय! सटकत होतो, तर नर्सबाई हसत सुटल्या. "अहो, एकच पिशवी! एरवी आम्ही रक्ताचे भाग करतो, पेशी वेगळ्या, पाणी वेगळं. पण अपघातात माणसाचं सगळंच वाहून जातं. मग त्याला जसंच्या तसं, अख्खं चढवायचं." दिलं. बिस्किटं बरी होती.

१० मार्च
दाजी : "चला, एक तरी गोष्ट अख्खी केलीस! शाळा अर्धी, नोकरी अर्धी..." बोलतंय कोण! हा सुतार लग्नापासून गल्लीबाहेर पडलेला नाही. कोपऱ्यापर्यंत गेला तर चपला विचारतात — मालक, वाट चुकलात का?

१७ मार्च
पिशवीला भेटून आलो. हो, भेटून! फ्रिजात गप पडलीय. एवढी एका जागी टिकलेली माझी पहिलीच वस्तू. नर्सबाई म्हणाल्या, "तपासलंय. तुमचं कुणालाही चालेल असं आहे. मुदतीत लागलं नाही तर मात्र फेकायचं." फेकायचं?? उगाच राग आला.

२२ मार्च
बस्स झालं. परवा निघतो. कुठं, ते स्टँडवर ठरवू. दाजी : "जाताना दार ओढून घे."

२४ मार्च
बॅग भरत होतो. खालच्या दाजींच्या दुकानातून किंकाळी. यंत्राची करवत दाजींच्या मांडीत. भुसा लाल. मी टॉवेल दाबून धरला, रिक्षात ताईचं एकच — "अहो, डोळे उघडा, अहो!" डॉक्टर ओरडले, "गट बघत बसू नका, ओ आणा, अख्खं!" नर्सबाई दोन पिशव्या घेऊन धावल्या. धावता धावता एक माझ्याकडे उंचावली.
माझी.

२५ मार्च
आहेत.

२ एप्रिल
दाजींच्या गिऱ्हाइकाला टेबल हवंय. तेवढं उरकतो, मग निघतो. एक पाय डुगडुगतोय — टेबलाचा!

२० एप्रिल
दाजी काठी टेकत दुकानाच्या दारात आले. बराच वेळ रस्त्याकडे बघत उभे. मग म्हणाले, "इथं जीव रमेना रे. लांब कुठंतरी जाऊ या का?"
रंधा माझ्या हातात तसाच. ताई माझ्याकडे अशी बघतेय, जणू मीच त्यांना काहीतरी पाजलंय!